चाटूनपुसून

नाही नाही, मी इथंच बरी आहे, तुम्ही जा ना आत, माझ्यासाठी कशाला ताटकळताय — दार उघडंच असतं, बेल वाजवावी लागत नाही. अच्छा, झोपलीये होय खांद्यावर? मग बसा, टेकून बसा, उठवू नका तिला. तो जिना फार अरुंद आहे, बॅग कठड्याला आपटतेच, आणि प्रवासात झोपलेलं मूल मध्येच उठलं की काय होतं ते मला सांगायला नको नि तुम्हालाही. मी काय, निघालेच. आमचा हा ऑफिसात गेलाय, तुमच्याच ह्यांच्या हातात सगळं सोपवायला. तो टॅक्सी घेऊन आला की सुटलो आम्ही. सामान हे एवढंच. मुलगी आत आहे, भिंगरी. खरं नाव वेगळं आहे हो, स्वतःभोवती गरगर फिरायची सारखी म्हणून भिंगरी. स्वयंपाकघरात आहे, घरमालकीणबाईंपाशी. मी का नाही आत? मला — उकडतं जरा आत. इथं वारा आहे.

हं, तर तुम्ही जेवणाचं विचारत होता. लहान मुलांना चालतं का म्हणून. चालतं. म्हणजे — थांबा, आधी एक विचारते, राग मानू नका. त्या निळ्या पिशवीत तयार भाताची पाकिटं आहेत ना? गरम पाणी घाला, झाकून ठेवा, खा — ती? कोपऱ्यांवरून ओळखली. ह्या बाबतीत माझी नजर घारीची आहे. माझ्या अशा दोन बॅगा होत्या. आमचा हा म्हणाला, अगं आपण परदेशात चाललोय की दुष्काळी कामावर? मी म्हटलं, तू बोलू नकोस, रात्री उलटी झाली की कूस बदलणारा माणूस तू. तसा तो वाईट नाही. पण बापांचं बरं असतं, त्यांची काळजी ऑफिस सुटल्यावर सुरू होते आणि झोप लागली की संपते.

उलट्यांचं म्हणजे — आता विषय निघालाच आहे तर सांगते. भिंगरी पावणेदोन वर्षांची असताना आम्ही एका लग्नात जेवलो. तीनशे माणसं जेवली, कुणाला काही झालं नाही, हिला झालं. सलाईन लावायला हातावर शीरच सापडेना, शेवटी पायाला लावलं. एवढासा पाय, त्याला लाकडाची पट्टी बांधलेली, आणि ती रडतसुद्धा नव्हती, नुसती छताकडे बघत होती. आता ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाले, विसरून जा, काहीही खाऊ द्या हिला. सासूबाई मात्र दवाखान्यातून निघताना म्हणाल्या, आईचं लक्ष हवं गं. एवढंच. ओरडल्या असत्या तर मी पण ओरडले असते आणि मोकळी झाले असते. पण त्या हळू बोलल्या, आणि ते हळू बोललेलं अजून कानात आहे. तेव्हापासून — दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, मी पाणी फुंकून देते.

त्यात आम्ही आलो इथं. पहिल्या संध्याकाळी खाली जेवायला बोलावलं. स्वयंपाकघर तुम्ही बघालच, टेबलावर मेणकापड, खिडकीत कसलीतरी रोपं, आणि शेगडीवर ती जाड बुडाची भांडी ओळीनं, प्रत्येकावर झाकण. ह्या बाई उंच आहेत, वाकतात तेव्हा कमरेवर हात ठेवून वाकतात. तर त्यांनी काय केलं, भिंगरीला कडेवर घेतलं — मला न विचारता, मी अजून चप्पलही काढली नव्हती — आणि एकेक झाकण उचलून तिचं नाक त्या वाफेवर धरलं. हे बघ, हे बघ, असं काहीतरी म्हणत असणार. भिंगरी खिदळायला लागली. मी मात्र पुढे धावले, वाफेनं भाजेल म्हणून. आम्ही दोघांनी त्या रात्रीच नाव ठेवलं, झाकणबाई. आपल्यात हो. त्यांना भाषा कुठे कळतेय. आपली भाषा कुणाला कळत नसली ना, की माणूस फार धीट होतो, आणि धीटच नाही, जरा हलकाही होतो.

काय होतं त्या भांड्यात ते नीट सांगता येणार नाही. पदार्थाचं नाव मला अजून उच्चारता येत नाही, भिंगरीला येतं. कसले तरी मोठे दाणे, रात्री भिजवतात, सकाळी चढवतात, त्यात कंदमुळं, आंबूस वासाचा पाला, आणि संध्याकाळपर्यंत मंद आचेवर ते शिजत राहतं. इथलं जुनं जेवण आहे म्हणे, आमच्या ह्याला ऑफिसात सांगितलं कुणीतरी, की आता हे घरी कुणी करत नाही, एवढा वेळ आहे कुणाला, तुम्ही नशीबवान. नशीबवान! मला काय दिसलं? दिवसभर शेगडीवर असलेलं, माहीत नसलेलं, माहीत नसलेल्या पाण्यातलं. वरचं झाकण कशानं पुसतात तेही मी बघितलं. फडक्यानं. सगळे फडक्यानंच पुसतात, मी पण फडक्यानंच पुसते, पण ते माझं फडकं असतं.

आणि त्यांनी वाढलं. भिंगरीला, मला, ह्याला. हा जेवायला लागला, ह्याला काय, दगडाला तेल लावून दिलं तरी खाईल. मी ताटाकडे बघत बसले. आता तुम्ही म्हणाल, नको म्हणायचं. कसं म्हणायचं? बाई समोर उभी, हात पुसत, भिंगरीच्या तोंडाकडे डोळे लावून. बरं, उरवायचं म्हणाल, तर — तुमच्या घरी चालायचं का पानात टाकलेलं? बघा. आमच्याकडेही नाही. माझे बाबा शाळामास्तर, जेवून उठले की त्यांचं ताट घासायला लागू नये असं. मी चार घास ठेवले तर रागवायचे नाहीत, पाटावर तसेच बसून राहायचे, हात वाळेपर्यंत, मी संपवलं की मग उठायचे. त्यामुळे काय झालंय माहितीय, मला खोटं बोलता येतं, पण पानात टाकता येत नाही. हात वळत नाही. खायचं नव्हतं, नको म्हणायचं नव्हतं, टाकायचं नव्हतं. मांडीवर माझी पर्स होती, पर्समध्ये ओल्या कपड्यांसाठी आणलेली प्लॅस्टिकची चेनची पिशवी होती. झाकणबाई पाणी आणायला वळल्या आणि माझ्या हातानं — मी ठरवलं नव्हतं हो, देवाशपथ — माझ्या हातानं भिंगरीच्या ताटातलं सगळं त्या पिशवीत लोटलं. मग माझ्या ताटातलं. मी आजारी पडले तर हिच्याकडे कोण बघणार? हे कारण मी लगेच तयारही केलं.

हसा, हसा. आमचाही हसला. त्यानं बघितलं होतं. वर खोलीत आल्यावर म्हणाला, आता तू रीतसर कांगारू झालीस. मग जरा थांबून म्हणाला, रोज करणार आहेस हे? मी म्हटलं, एकदाच. आणि रोज केलं. इतकी सराईत झाले मी, की मेणकापडाखाली डाव्या हातानं चेन उघडायची, उजवा हात रुमालाला, तोंडानं हं हं करायचं. सकाळी फिरायला जाते म्हणायचं, आणि तो बघा समोर, बसथांब्याच्या कोपऱ्यावर हिरवा डबा आहे ना, त्यात रिकामी करायची. म्हणजे अन्न टाकायचं नाही म्हणून पानात टाकलं नाही, आणि रोज उकिरड्यात टाकलं. बी.ए.ला तर्कशास्त्र होतं मला. प्रथम वर्ग होता.

मग खोलीत काय चालायचं तेही ऐका. पाणी तापवायच्या किटलीत भात. दाराखाली टॉवेल सरकवायचा, वास जिन्यात जाऊ नये म्हणून. खिडकी उघडायची, पंखा लावायचा, आणि पलंगावर वर्तमानपत्र पसरून मी हिला भरवायचे, अतिरेक्यांसारखी, कुजबुजत. भिंगरीला आधी गंमत वाटायची. तिला मी सांगितलं होतं, हे आपलं गुपित हं, आजीला नाही सांगायचं — ती त्यांना आजी म्हणते. आणि खाली ताट रिकामं झालं की काय म्हणायचं तेही शिकवलं होतं. इथल्या भाषेत ‘छान’ला जो शब्द आहे तो. रोज संध्याकाळी माझी पोर एकही घास न खाता, मान डोलावून, अंगठा वर करून झाकणबाईंना छान म्हणायची. आणि त्या बाई दोन्ही हात छातीशी धरायच्या. वर मी त्या स्वच्छ ताटाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचे. सासूबाईंचे टाळ्यांचे हात यायचे ओळीनं. एकदा लिहिलं त्यांनी, शिकलीस गं बाई. मी त्याला हृदय पाठवलं.

नाही, कळलं नाही त्यांना. म्हणजे कळलं, पण वेगळंच कळलं. तोच तर — अहो, ताट चाटूनपुसून स्वच्छ दिसलं तर कुठलीही बाई काय करेल? जास्त वाढेल. दुसऱ्या दिवशी एक डाव जास्त, तिसऱ्या दिवशी आणखी एक. मला वाटलं कौतुक. पण तेवढंच नव्हतं. पिशवीची मी एवढी काळजी घेतली, आणि भाताची रिकामी पाकिटं कुठे टाकत होते? खोलीतल्या केराच्या टोपलीत. ती टोपली रोज सकाळी कोण रिकामी करतं? त्याच. आता त्यांच्या बाजूनं बघा — मी हे कालपर्यंत एकदाही बघितलं नव्हतं — खाली ताटं लख्ख, आणि वर पुन्हा पाकिटं फाडून खाल्लेली. अर्थ एकच. पाहुण्यांचं पोट भरत नाहीये. माझं जेवण पुरत नाहीये. म्हणून ती बाई भांडं बदलून मोठं भांडं चढवायला लागली. कमरेवर हात ठेवून ते उचलायची. मी म्हटलंही ह्याला, बाई जरा अतीच करते नाही? हा म्हणाला, तू तिला सांगून टाक. मी म्हटलं, आता इतक्या दिवसांनी? असं म्हणून म्हणूनच दिवस वाढतात बघा.

काल सकाळी — टॅक्सी का ती? नाही, दुसरी आहे. काल सकाळी मी आंघोळीला गेले. माझ्या आंघोळीच्या वेळी भिंगरी खाली रंग भरत बसायची, तेवढा वेळ मी सोडायचे तिला, कारण त्या वेळी जेवण नसतं. काल गरम पाणीच आलं नाही. मी पाच मिनिटांत तशीच खाली आले, केस वर बांधलेले, पायात काही नाही, त्यामुळे आवाज झाला नाही. आणि बघते तर भिंगरी त्या उंच स्टुलावर, पाय हलवतेय, झाकणबाई समोर आदल्या दिवशीचं उरलेलं वाटीत घेऊन, आणि माझी मुलगी तोंड उघडून वाट बघतेय. वाट बघतेय! घरी हिच्या एका घासाला चिऊ लागते, काऊ लागतो, अख्खं प्राणिसंग्रहालय लागतं. आणि इथं आ करून बसलेली. घास गेला की ते नाव घ्यायची पदार्थाचं, ते मला येत नाही ते, आणि दोघी हसायच्या. पहिला दिवस नव्हता तो. कळतं ना आपल्याला. स्टुलावर बसायची सवय झालेली होती तिला.

मी नुसती दारात उभी होते. तिनं मला बघितलं. आणि — तुमची किती वर्षांची म्हणालात? तीन. माझी चार. चार वर्षांच्या पोरीनं मला बघितलं आणि तोंडातला घास झटकन फ्रॉकच्या घोळात काढला. त्यावर हात ठेवला. असा, रुमाल ठेवावा तसा. मग तोंड पुसलं, आणि माझ्याकडे बघून, अगदी स्वच्छ डोळ्यांनी, मी नाही खाल्लं, म्हणाली.

कुणाचे हात होते ते? माझे. मी काय करते ते मला कधी दिसलं नव्हतं, काल समोर बसलेलं दिसलं.

झाकणबाईंनी फ्रॉककडे बघितलं. मग माझ्याकडे. फार वेळ नाही बघितलं. चमचा वाटीत ठेवला, वाटी ओट्यावर ठेवली, आणि आमच्या खोलीतली केराची टोपली कोपऱ्यात आणून ठेवलेली होती, तिच्याकडे त्यांची नजर गेली आणि तिथंच राहिली. मला वाटतं तेव्हा सगळं जुळलं त्यांचं. रागावल्या असत्या तर — मी म्हटलं ना मघाशी, रागावलेलं मला झेपतं. त्यांनी नुसतं ओलं फडकं आणलं, भिंगरीचा फ्रॉक पुसला, आणि शेगडी बंद केली. सकाळची वेळ. आत्ता कुठे चढवलं होतं.

मी हिला वर आणलं. फ्रॉक बदलताना म्हटलं, अगं खाल्लंस तर खाल्लंस, आई रागावली का? शहाणपण सुचलं मला, उशिरा का होईना. तर ती म्हणाली, ‘मी खाल्लं तर तू रडशील ना?’

रडशील ना. रागावशील नाही. तिला कुणी सांगितलं? मी तर तिच्यासमोर कधी — बहुतेक कधी नाही. पण मुलं काय, सांगितलेलं थोडंच ऐकतात, ती आपला चेहरा वाचतात, आणि माझा चेहरा म्हणजे भिंतीवरचं फळ्याएवढं अक्षर. म्हणजे इतके दिवस ती नुसती भुकेनं किंवा आवडीनं चोरून खात नव्हती, मला जपत होती हो. आणि त्या बाईला आवडावं म्हणून छान पण म्हणत होती. आम्हा दोघी बायांना सांभाळत होती, मधल्या मध्ये, स्टुलावर बसून.

रात्री जेवायला गेलो तर टेबलावर काय? भात. पांढरा, मऊ, बिनमिठाचा, आजारी माणसाला देतात तसा. पाकिटावरचं चित्र बघून केला असणार. पाव, आणि बस्स. एकही झाकण उचललं नाही त्यांनी, भिंगरीचं नाक कुठे धरलं नाही. मी फोन काढला, ते भाषांतर करून बोलून दाखवणारं आहे ना, त्यात लिहिलं, माझं चुकलं. मग म्हटलं, काय चुकलं ते लिहायला हवं. पिशवी लिहावी लागेल, कोपऱ्यावरचा डबा लिहावा लागेल. आणि तो फोन बोलतो पुरुषाच्या आवाजात, सरकारी घोषणा केल्यासारखा — इतक्या दिवसांचं माझं पाप एका अनोळखी बाप्याच्या तोंडून? ते मी पुसलं. आणि काय लिहिलं असेल? लिहिलं, तुमच्या हातचं जेवण आम्हाला फार आवडलं. म्हणजे माफी मागायला गेले आणि आणखी एक खोटं बोलून आले. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि मला आणखी थोडा भात वाढला. तो मी संपवला. सगळा.

हो, आज सकाळी बघितलं, शेगडी पेटलेली होती, ह्या वेळी रात्रीच चढवलं असणार. मला वाटलं, तुमच्यासाठी असेल, नवे पाहुणे यायचेत. ओट्यावर कागद होता आणि त्यावर सालांचा ढीग. तो ढीग मी रोज बघायचे, म्हणायचे, काय पसारा घालते बाई. आज उभी राहून बघितलं. शिजलेले दाणे सोलत होत्या त्या. एकेक दाणा दोन बोटांत दाबायचा, साल निघतं, दाणा वाटीत. पण सगळे नाही. एवढीशी वाटी, भिंगरीची तेवढीच. बाकीचे तसेच सालासकट मोठ्या भांड्यात.

त्यांनी मला बघितलं. बोट भिंगरीकडे केलं, मग वाटीकडे, आणि भुवया वर केल्या. विचारलं मला. परवानगी मागितली स्वतःच्या स्वयंपाकघरात. मी हो म्हटलं, मोठ्यांदा, आपल्या भाषेत, त्यांच्या भाषेत, मान हलवून. आणि म्हटलं, आधी मी खाते, म्हणजे ही बघेल. चमचा घेतला, तोंडात घातला. कसं होतं? मला विचारताय? पहिल्या चमच्याला काही कळलंच नाही, लाजेला काय चव असते का? दुसऱ्याला कळलं. मीठ कमी होतं. तिखट तर नव्हतंच. मऊ, जरासं आंबट, आणि मागाहून एक धुरकट गोडसर अशी चव, भांड्याच्या बुडाला किंचित लागलेलं असतं ना, ती. मूल डोळ्यांसमोर ठेवून केलेलं जेवण होतं ते. आणि मला रोजच्या रोज तो हिरवा डबा आठवत होता, आणि मी तिसरा चमचा घेतला, चौथा घेतला — साखर नव्हती, मसाला नव्हता, आणि माझा हात थांबेना. खोटं कशाला बोलू, त्यात निम्मी भूक होती. इतके दिवस मीही पाव आणि किटलीतला भातच खात होते.

मग भिंगरीला चमचा दिला. ती चमच्याकडे बघेना. माझ्याकडे बघत होती. इथं, गळ्याकडे, मी गिळते का खरंच ते. मी हसले. हसले म्हणजे तोंड हसवलं. त्यांनी चमचा पुढे केला आणि माझ्या मनात, त्याच क्षणी, तो लाकडाची पट्टी बांधलेला पाय — मी काय करू हो? माझं तोंड हो म्हणत होतं आणि चेहरा नाही म्हणत होता. तिनं ओठ घट्ट मिटले. ‘मला नको,’ म्हणाली, आणि मग झाकणबाईंकडे बघून अंगठा वर केला. छान.

तेव्हा मी म्हटलं, बाई गं, तू इथून हल. समजावून उपयोग नाही, फोनचा उपयोग नाही, डॉक्टरचा नाही, तू फक्त तुझं तोंड घेऊन बाहेर जा. सामान उचललं, म्हटलं आई बाहेर बाकावर बसते, तू ये सावकाश. म्हणून बसलेय. उकाडा-बिकाडा काही नाही हो आत, उलट गार असतं. तुम्ही आलात आणि मला वाटलं, चला, कुणाशी तरी बोलत राहिलं की दाराकडे बघावं लागणार नाही. तुम्हाला धरून ठेवलं मी, खरं म्हणजे. माफ करा. तुम्ही दमून आलाय, पोर अवघडली असेल खांद्यावर, आणि मी आपली — पाकिटांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कोण सांगणार? तुम्हालाही तुमचा काहीतरी पाय असेल, हात असेल, कुणीतरी हळू बोललेलं असेल. मी असं म्हणत नाही की डोळे मिटून खायला घाला. काहीच म्हणत नाही मी.

आली. हीच आमची, आमचा हा पुढे बसलाय बघा, हात करतोय. आलो रे, हॉर्न नको वाजवूस, बाळ झोपलंय इथं! — बाहेर येतेय का ती? दारात? मी मान वळवत नाही, तुम्ही बघा. मी बॅगेची चेन लावतेय असं समजा. एकटीच आहे की बाई पण आहेत मागे? बरं. गाल फुगलाय? कुठला? एकच? चावतेय का नुसता धरून ठेवलाय? थांबलीये ना, बघतेय इकडे — नाही, मला नका सांगू माझ्याकडे बघतेय ते, माझी पाठ आहे तिला. तुमच्याकडे बघतेय? तुमच्याकडे? मग अहो, तुमचा चेहरा — जरा बरा ठेवा हो चेहरा. कसाही, थोडा हसरा. तिचं गिळून होईपर्यंत.

बोलू नका आता.